कवितेचा तास आणि ओळखीचे रकाने

शाळेत दाखल होणाऱ्या मुलाची पहिली लेखी ओळख जनरल रजिस्टरात होते. नाव, आईचे नाव, मातृभाषा, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ असे रकाने तेथे ओळीने आखलेले असतात आणि प्रत्येक रकान्यात एकच शब्द मावतो. पुढे शाळा सोडल्याचा दाखला हाती पडतो तेव्हा हेच शब्द त्यावर उतरलेले असतात, आणि एखादी वेलांटी चुकली असली तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना किती खेटे घालावे लागतात हे शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या लिपिकाइतके कोणालाच ठाऊक नसते. रकाने आवश्यक आहेत. त्यांच्यावाचून शिष्यवृत्ती मिळत नाही, राखीव जागा मिळत नाही, वसतिगृहात प्रवेश मिळत नाही. परंतु रकान्यांची एक सवय असते. ते माणसाला एका वेळी एकच प्रश्न विचारतात आणि एकच उत्तर मागतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत या रकान्यांचा आवाज घराघरांत वाढला आहे. आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि १ मार्च २०२७ ही त्या गणनेची संदर्भतिथी ठरली. मराठवाड्यात मराठा की कुणबी या प्रश्नावर जुनी दप्तरे उलगडली गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींना महत्त्व आले, आणि पणजोबांच्या नावापुढे कोणते अक्षर होते हा प्रश्न दहावीतल्या मुलांच्याही जेवणाच्या ताटावर येऊन पोहोचला. त्याच वर्षी भाषेचा वाद पेटला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे १६ एप्रिल व १७ जूनचे शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले. या सर्व वादांत कोणाची बाजू न्याय्य हा स्वतंत्र विषय आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की तेरा ते सतरा या वयातील मुले हे सर्व ऐकत असतात. ‘आपण कोण?’ हा प्रश्न त्या वयात आपोआपच पडतो. आता तो बाहेरूनही विचारला जातो, आणि तोही चढ्या सुरात.

या प्रश्नाचा शांतपणे विचार करण्याची जागा शाळेत कोठे आहे? नागरिकशास्त्राचे पुस्तक विविधतेतील एकतेचा धडा देते. त्या धड्याच्या चित्रात वेगवेगळ्या पोशाखांतील माणसे शेजारी शेजारी उभी असतात. पण ती शेजारी असतात. एका माणसाच्या आत ती सारी असू शकतात, हे त्या चित्रात दाखवता येत नाही. इतिहासाचा तास समूहांविषयी बोलतो. उरतो भाषेचा तास, आणि त्यातही कवितेचा. कारण कवितेतला ‘मी’ हा एकच असूनही अनेक आवाजांत बोलतो, आणि त्याला एकाच रकान्यात बसवू गेले की कविताच हातातून निसटते. हे मराठी कवितेच्या बाबतीत तर विशेषच खरे आहे.

प्रत्यक्षात मात्र कवितेचा तासही रकान्यांचाच झाला आहे. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेसाठी मुद्दे ठरवून दिले गेले: कवी अथवा कवयित्रीचे नाव, कवितेचा विषय, शब्दांचे अर्थ, कवितेतून मिळणारा संदेश, भाषिक वैशिष्ट्ये, आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. या मुद्द्यांमागे हेतू चांगला होता. पूर्वी रसग्रहण म्हणजे मार्गदर्शकातील उतारा पाठ करून ओतणे असे, त्याऐवजी मुलाने कवितेकडे पाहावे असे ठरवणाऱ्यांना वाटले असणार. पण परीक्षेचा स्वभाव असा, की मुद्दे आले की त्यांची तयार उत्तरे येतात, आणि ‘संदेश’ हा मुद्दा आला की प्रत्येक कवितेत एक संदेश दडवलेला असतो अशी मुलांची समजूत होते. आवडण्याचे कारणदेखील पाठ करून लिहिले जाते, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

पाठ्यपुस्तकाला दोष द्यावा अशी स्थिती मात्र नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’त नामदेव आणि एकनाथ आहेत, मोरोपंत आहेत, इंदिरा संत आहेत, महाडच्या सत्याग्रहाची आणि बाबासाहेबांची आठवण जागवणारी ज. वि. पवार यांची कविता आहे, मुलगा आणि मुलगी यांच्या खेळांची अदलाबदल दाखवणारी नीरजा यांची कविता आहे, आणि नारायण सुर्वे यांची ‘दोन दिवस’ आहे. निवड डोळसपणे केलेली आहे. अडचण निवडीत नाही, पाटी लावण्यात आहे. एक कविता समतेची, एक स्त्रीमुक्तीची, एक श्रमाची, दोन भक्तीच्या अशी वाटणी वर्गात होऊन जाते. प्रत्येक कवीला एक खोली दिली जाते आणि मधली दारे बंद होतात.

सुर्व्यांचेच उदाहरण घ्यावे. ‘कामगार कवी’ ही त्यांची पाटी. ती खोटी नाही. गिरणगावाने त्यांना घडवले आणि त्यांनीही ते कधी नाकारले नाही. परंतु १९२६ साली मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले ते एक अनाथ मूल होते आणि गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्याला आपले नाव दिले. म्हणजे आडनाव मिळालेले, जन्माची जात आणि धर्म अज्ञात. हा मुलगा पुढे गिरणीत राबला, शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक झाला. मार्क्सवादी झाला आणि मराठी कवी झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे संतपरंपरेतील शब्दवळण त्याने १९६२ साली आपल्या पहिल्या संग्रहाला दिले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. जनरल रजिस्टरातले निम्मे रकाने ज्याच्यासाठी रिकामे राहावेत अशा माणसाने ‘मी’ हा शब्द इतक्या आत्मविश्वासाने कसा उच्चारला? दहावीच्या मुलांना हा प्रश्न विचारला तर तासाची घंटा होईपर्यंत वर्ग गप्प बसणार नाही. पण कृतिपत्रिकेत तो प्रश्न नसतो, म्हणून वर्गातही तो नसतो.

या विषयासाठी परकीय परिभाषेची आयात करण्याची फारशी गरज नाही, कारण मराठी कवितेजवळ एक जुनी सोय आहे, ती म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव घालतो. मुले ती नावे पाठ करतात. कवी ओळखण्याची खूण म्हणून परीक्षेत तिचा उपयोगही होतो. परंतु नाममुद्रा ही नुसती सही नव्हे. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे हा निर्णय तीत असतो, आणि तो निर्णय पुष्कळदा एकापेक्षा अधिक नाती एकत्र बांधतो. एकनाथांनी आपल्या नावाला गुरूचे नाव कायमचे जोडून घेतले. पैठणच्या या ब्राह्मणाने भारुडांत महाराच्या, जोगव्याच्या, फकिराच्या तोंडून बोलण्याची मुभा घेतली आणि हिंदू व तुर्क यांचा संवादही रचला. दुसऱ्याच्या आवाजात बोलण्याचा अधिकार कोणाला आणि किती, हा आजचा वादग्रस्त प्रश्न सोळाव्या शतकातील या रचनांवरून वर्गात किती सहज काढता येईल!

जनाबाईची मुद्रा पाहावी. गंगाखेडची ही मुलगी लहानपणी पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. आपल्या मुद्रेत ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. एका नजरेने पाहिले तर ही पराधीनतेची कबुली आहे. परंतु ज्या घरात ती दळते, कांडते, शेण वेचते, त्याच घरात ती कवी आहे. विठ्ठलाला ती जात्यापाशी बसवते, त्याच्यावर रुसते, प्रसंगी त्याला खडसावते, आणि लोकलाज सोडून भर बाजारातून जाण्याची भाषा करते. तिला स्त्री म्हणून समजून घ्यावे, शूद्र म्हणून, मोलकरीण म्हणून, की भक्त म्हणून? यांपैकी कोणताही एक धागा ओढून काढला की उरलेले वस्त्र उसवते. दळणाचा शीण हा बाईचा शीण आहे आणि दासीचाही आहे. घरची सून दळते तेव्हा आणि घरची दासी दळते तेव्हा जाते तेच असले तरी मागचे दडपण वेगळे असते. विठ्ठल जात्याला हात लावतो याचा अर्थ भक्तीच्या भाषेत एक होतो आणि कष्टाच्या भाषेत दुसरा. दोन्ही अर्थ एकाच अभंगात नांदतात, भांडत नाहीत.

सोयराबाईचे उदाहरण याहून तीव्र आहे. तिच्या मुद्रेत ती नवऱ्याच्या, म्हणजे चोखोबांच्या नावाने आणि आपल्या जातीच्या नावाने स्वतःचा उल्लेख करते. आज हे शब्द वर्गात मोठ्याने वाचताना शिक्षक अडखळतात, आणि ते अडखळणे समजण्यासारखे आहे. पण तिने विटाळाविषयी जे विचारले ते या दोन ओळखी एकत्र धरल्याखेरीज पुरते कळत नाही. विटाळ तिला दोन वाटांनी भिडतो: जातीच्या वाटेने आणि बाईपणाच्या वाटेने. गावकुसाबाहेरचा म्हणून चोखोबांनाही विटाळ लागू होता. पण महिन्याचा आणि बाळंतपणाचा विटाळ त्यांच्या वाट्याला नव्हता. उच्चवर्णीय स्त्रीला हा दुसरा विटाळ होता, पण चार दिवसांनी ती पुन्हा शुद्ध होत असे. सोयराबाईला दोन्ही. म्हणूनच विटाळ देहातच उपजतो, तर त्यावाचून कोणता देह निर्माण झाला, असे ती विचारू शकते. हा प्रश्न तिच्या जागी उभे राहिल्याशिवाय सुचणारा नाही. चौदा वर्षांच्या मुलींनी भरलेल्या वर्गात हा अभंग ‘भक्ती’ या एका शब्दावर सोडून देणे हे त्या मुलींवर आणि सोयराबाईवर सारखेच अन्याय करणारे आहे.

आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद? सतराव्या शतकातील या संताने ‘योगसंग्राम’ लिहिला. मुसलमान घरातला आपला जन्म त्यांनी लपवला नाही आणि आपल्या हृदयातील देवाचे नावही लपवले नाही. वारकऱ्यांनी त्यांना आपले मानले. त्यांच्या थोडे आधी, १६१६ साली, गोमंतकात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. बायबलची कथा, ओवीचे वृत्त, मराठी भाषा आणि रोमन लिपी असा तो मेळ आहे. धर्मप्रसाराच्या हेतूने तो ग्रंथ लिहिला गेला आणि त्या काळच्या गोव्यात धर्मप्रसार केवळ शब्दांनी होत नव्हता, हेही मुलांना सांगितले पाहिजे. कोणताही मेळ हा आपोआप सलोखाच असतो अशी भाबडी समजूत करून देण्याचे कारण नाही.

अलीकडच्या काळात यावे तर बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल हे शाहीर अमर शेख म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजले. त्यांच्या जोडीचे अण्णाभाऊ साठे वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मले, मुंबईत कम्युनिस्ट झाले, आणि त्यांनी मैनेची छक्कड रचली. ती छक्कड गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाची आहे, मुंबईत पोट भरायला आलेल्या मजुराची आहे आणि भाषिक राज्याच्या मागणीचीही आहे. घरधनी, मजूर, मराठी माणूस असे तीन आवाज एका चालीत गातात. तिला ‘प्रेमकाव्य’ म्हणावे की ‘आंदोलनगीत’, असा बहुपर्यायी प्रश्न काढणाऱ्याची कीव करावी.

एकाच माणसाच्या ठायी अनेक ओळखी एकमेकींवर पडतात आणि त्यांच्या छेदातून नवाच अनुभव निर्माण होतो, ही गोष्ट आता जगभरच्या समाजशास्त्रात मान्य झाली आहे. तिला शास्त्रीय नाव मिळाले ते १९८९ साली, अमेरिकेतील कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांच्या एका लेखातून. त्या लेखात १९७६ सालचा जनरल मोटर्स या मोटार कंपनीविरुद्धचा एक खटला आहे. १९६४ पूर्वी त्या कंपनीने काळ्या स्त्रियांना घेतलेच नव्हते. पुढे मंदीत ‘शेवटी आला तो आधी गेला’ या न्यायाने कपात झाली तेव्हा उशिरा आलेल्या याच स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. पाच जणी न्यायालयात गेल्या. न्यायालयाने म्हटले, कंपनीने स्त्रियांना घेतले होते, म्हणजे स्त्री म्हणून पक्षपात नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वर्णाचा दावा निराळा करावा; कारखान्यातले काळे कामगार पुरुष होते. दोन्ही कारणे जोडून तिसरा दावा करता येणार नाही. दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला न्याय मागण्यासाठी रकानाच उरला नाही. क्रेनशॉ यांनी यासाठी चौरस्त्याची उपमा दिली: अपघात चौकात झाला तर तो कोणत्या एका रस्त्यावरच्या गाडीमुळे झाला हे नेहमी सांगता येत नाही.

हा लेख प्रसिद्ध झाला त्याच्या १३४ वर्षे आधी, १८५५ साली, ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला होता. लिहिणारी मुक्ता ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. वय चौदा वर्षांचे, म्हणजे आजच्या नववीच्या बाकावरचे. आपल्या लोकांना वेद वाचण्याचा अधिकार नाही तर आपला धर्म कोणता, असे तिने विचारले, आणि बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या बायकांना डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे काय होते, हे लिहिले. जातीचे दुःख सांगताना बाळंतिणीचे दुःख वेगळे काढून दाखवावे हे तिला कोणी शास्त्र म्हणून शिकवले नव्हते. ती स्वतः त्या चौकात उभी होती. ज्या शिक्षिकेसमोर ती बसली होती, त्या सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आदल्याच वर्षी, १८५४ साली प्रसिद्ध झाला होता. कवी असलेली शिक्षिका आणि प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी अशी ही जोडी मराठी शिक्षणाच्या आरंभीच आहे. तेव्हा किशोरवयीन मुलांना हा विषय झेपेल का, ही शंका निदान महाराष्ट्रात तरी कोणी काढू नये.

इंग्लंडमधील शाळांनी हा प्रयोग बराच काळ केला आहे आणि त्यातून शिकण्यासारखे आहे, तसेच सावध होण्यासारखेही आहे. तेथील सोळाव्या वर्षीच्या परीक्षेच्या एका काव्यसंग्रहात निरनिराळ्या संस्कृतींतील कविता असा स्वतंत्र गट होता. गयानाहून १९७७ साली इंग्लंडला गेलेल्या जॉन अगार्ड यांनी मिश्र वंशाच्या माणसासाठी वापरल्या जाणाऱ्या हेटाळणीच्या शब्दाचीच खिल्ली उडवणारी कविता लिहिली. ती त्या गटात होती. त्यातच सुजाता भट यांचीही कविता होती. भट १९५६ साली अहमदाबादेत जन्मल्या, त्यांचे बालपण पुण्यात गेले, १९६८ साली कुटुंबासह त्या अमेरिकेत गेल्या आणि पुढे जर्मनीत राहिल्या. दोन जिभा तोंडात वागवणाऱ्या माणसाची ती कविता मध्यावर अचानक गुजरातीत शिरते, आणि परक्या भूमीत मेलेली वाटणारी मातृभाषा झोपेत पुन्हा अंकुरते. ब्रिटनमधील कित्येक मुलांनी परीक्षेच्या पुस्तकात गुजराती अक्षरे पहिल्यांदा पाहिली ती येथे.

पण ‘निरनिराळ्या संस्कृती’ हे त्या गटाचे नावच फसवे होते. निरनिराळ्या कोणापासून? शेक्सपिअर आणि वर्ड्‌स्वर्थ हे ‘कवी’ आणि बाकीचे ‘संस्कृतींचे प्रतिनिधी’, असा त्याचा अर्थ होत गेला. पुढे वारे उलटे फिरले, तो गट गेला. मग २०२२ साली एका परीक्षा मंडळाने आपल्या संग्रहातील पंधरा कविता काढून पंधरा नव्या घातल्या. जाणाऱ्यांत विल्फ्रेड ओएन आणि फिलिप लार्किन यांच्या कविता होत्या, येणारे बहुतेक कवी गोरेतर होते, आणि खुद्द शिक्षणमंत्र्यांनी याला सांस्कृतिक विध्वंस म्हटले. वाद कोणाच्या किती कविता यावर झाला. त्या कविता वर्गात कशा वाचल्या जातात यावर फारसा झाला नाही. आपल्याकडेही पाठ्यपुस्तक मंडळावर होणारी टीका बहुधा याच जातीची असते.

वर्गात काय घडते, हाच खरा प्रश्न आहे. दलित कवीची कविता सुरू झाली की शिक्षकाची नजर नकळत एका बाकाकडे वळते. शेख महंमदांचे नाव निघाले की दुसऱ्या बाकाकडे. चाळीस मुले त्या नजरेचा पाठलाग करतात. त्या बाकावरचे मूल त्या क्षणी क्रिकेट खेळणारे, गणितात हुशार, धाकट्या बहिणीला शाळेत आणणारे मूल राहत नाही. ते फक्त एक रकाना होते. कवितेने जे सोडवायचे तेच कवितेच्या तासाला घट्ट केले जाते. ‘स्वतःविषयी कविता लिहून आणा’ असा गृहपाठ देणाऱ्या उत्साही शिक्षकांनी याचा विचार करावा. ज्याच्या घरी सांगण्यासारखे काही आहे त्याला ते सांगायचे असेलच असे नाही. अनाथाश्रमातून येणारा मुलगा, आईवडील विभक्त झालेली मुलगी, बापाचा धंदा लपवणारे पोर, यांना गप्प राहण्याचा अधिकार हवा. नाममुद्रेची रीत येथे उपयोगी पडते. कवितेत बोलणारा कोण आहे, तो किती नात्यांनी बोलतो, कोणते नाव त्याने स्वतः घेतले आणि कोणते त्याच्यावर लादले गेले, अशी चर्चा कवीविषयी करता येते आणि मुलाने स्वतःची गोष्ट मनातल्या मनात जोडून घ्यावी यासाठी जागा मोकळी राहते. ज्याला लिहायचे असेल त्याने स्वतःसाठी एखादी मुद्रा बनवावी. ती वर्गात वाचलीच पाहिजे असे नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला नेहमीचा: मुलांना जातीपातीची आठवण कशाला करून द्यायची? हा आक्षेप घेणाऱ्यांनी शाळेचा दाखला एकदा पुन्हा पाहावा. ज्यांना आठवण करून द्यावी लागते त्यांची संख्या थोडी आहे. बाकीच्यांना ती रोज कोणीतरी करून देतच असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो दलित चळवळीतून येतो. प्रत्येकाच्या अनेक ओळखी असतात असे म्हणत गेले की सर्वच ओळखी सारख्या वजनाच्या ठरतात, आणि जातीचा दाह ‘मला क्रिकेटही आवडते’ याच्या पातळीवर येतो. हा धोका खराच आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने मराठी वाचकाला जो हादरा दिला तो ओळखींची सरमिसळ करून नव्हे. पण त्याच ढसाळांच्या कवितेत जात, भूक, वेश्यावस्ती, महानगर आणि जागतिक क्रांतीची भाषा यांची जी दाटी आहे ती एका शब्दात मांडून दाखवावी! आणि त्यांच्या पत्नी मल्लिका अमर शेख, शाहिराच्या कन्या, त्या घरातील स्त्री म्हणून जे लिहितात ते चळवळीच्या ओळखीत पुरते सामावत नाही. कोणती ओळख निवडलेली, कोणती लादलेली आणि कोणतीची किंमत कोणाला मोजावी लागते, हा भेद शिक्षकाने सोडला तर आक्षेप बरोबर ठरेल. अमर्त्य सेन यांनी २००६ सालच्या आपल्या ग्रंथात बालपणीची एक आठवण लिहिली आहे: १९४४ साली ढाक्यात दंगलीच्या दिवसांत एक मुसलमान मजूर त्यांच्या घराच्या आवारात रक्तबंबाळ होऊन आला. घरात अन्न नव्हते म्हणून तो जीव धोक्यात घालून कामाला बाहेर पडला होता. तो मुसलमान म्हणून मारला गेला. पण मारेकऱ्यांच्या हाती सापडला तो गरीब म्हणून.

भाषेच्या बाबतीत तर आपण मुलांच्या ओळखी रोज खोडत असतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा म्हणून नोंदवणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. खानदेशी ही त्याच जनगणनेत वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि तिचे भाषक १८ लाखांच्या वर आहेत. धुळ्याचा मुलगा घरी अहिराणी बोलतो, शाळेत मराठी माध्यमात शिकतो, सिनेमा हिंदीत पाहतो आणि नोकरीसाठी इंग्रजीची धास्ती घेतो. बहिणाबाई चौधरींची कविता शिकवताना त्यांच्या बोलीचे कौतुक करणारा शिक्षक पुढच्याच तासाला तसाच शब्द बोलणाऱ्या मुलीला ‘शुद्ध बोल’ म्हणतो. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, अक्षरओळख नसलेल्या, आणि सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून ती गाणी वाचली. शुद्ध करून घेतली असती तर काय उरले असते? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे समारंभ झाले. २०२५ च्या उन्हाळ्यातील त्रिभाषा वादात भाषा दोन असाव्यात की तीन यावर सारे राज्य बोलत होते. मूल घरून कोणती भाषा घेऊन येते हा प्रश्न त्या कोलाहलात जवळजवळ कोणी विचारला नाही.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाली. टप्प्याटप्प्याने ती नववी-दहावीपर्यंत येतील. कविता कोणत्या घ्यायच्या यावर समित्यांत वाद होतील, तसे ते व्हावेतही. परंतु त्याहून कमी खर्चाची एक दुरुस्ती आजच शक्य आहे आणि तिला नवे पुस्तक लागत नाही. कृतिपत्रिकेच्या मुद्द्यांतून ‘कवितेतून मिळणारा संदेश’ हा मुद्दा काढावा आणि त्या जागी ‘कवितेत कोण बोलत आहे?’ असा प्रश्न घालावा. उत्तर एका शब्दात लिहिणाऱ्याला निम्मे गुण द्यावेत. मार्गदर्शक छापणारे त्याचेही तयार उत्तर काढतील यात शंका नाही. पण सोयराबाईसाठी ते काढायला त्यांना थोडा वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात एखाद्या वर्गात तो अभंग नीट वाचला गेलेला असेल.